पाय आत्ता सोडू नका

डिसेंबरातली पहाट, चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या फायर स्टेशनची घंटा झाली. वर्दी, म्हणजे मदतीचा कॉल, खंबाटकी घाटातली होती, बोगद्यातून बाहेर पडून पुण्याकडं उतरताना ते एस वळण लागतं ना, तिथं एक आयशर टेम्पो गुळाच्या ट्रकला मागून धडकला होता आणि ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला. त्या वळणावर याआधी किती वेळा गेलोय मोजायचं सोडून दिलंय. उतार आणि वळण एकत्र, त्यात रात्रीची डुलकी किंवा तापलेला ब्रेक, पुढचं सांगायला नको.

पोचायला पंचवीस मिनिटं लागली कारण मागं गाड्यांची रांग लागलेली आणि लोक खाली उतरून रस्त्यातच उभे. १०८ ची गाडी आमच्या पुढं दोन मिनिटं पोचली होती. डिझेल आणि गूळ, दोन्हीचा वास एकात एक मिसळलेला, रस्त्यावर फुटलेल्या ढेपा आणि त्यावरून चालताना बूट चिकटत होते. टेम्पोची केबिन ट्रकच्या मागच्या बाजूत घुसलेली. किन्नर, म्हणजे टेम्पोचा क्लीनर, बाहेर फेकला गेला होता, डोक्याला टाके पडतील एवढंच, तो रस्त्याच्या कडेला चादर गुंडाळून बसलेला. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याच्या वरपासून खाली डॅशबोर्ड आणि सीटच्या मधे चेपलेला. माणूस शुद्धीत होता, चांगलं बोलत होता. मला बघून पहिलं वाक्य, "भाऊ, पाय हाय का माझा?"

मी म्हटलं आहे, दिसतोय मला. खरं तर दिसत नव्हता.

आमचं काम ठरलेलं असतं. आधी बॅटरीची वायर काढली, सांडलेल्या डिझेलवर फोम मारला, पाण्याची एक लाईन भरून तयार ठेवली, चाकांना लाकडी ठोकळे लावले म्हणजे कापताना गाडी हलायला नको. मग कटरनं दाराच्या बिजागऱ्या तोडून दार बाजूला केलं. तोपर्यंत १०८ वाल्या डॉक्टर मॅडम, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, दुसऱ्या बाजूच्या फुटलेल्या खिडकीतून अर्ध्या आत गेलेल्या. मानेला कॉलर, तोंडावर ऑक्सिजन, आणि आमच्या हेल्मेटच्या लाईटमध्ये हातावर शीर शोधत होत्या. त्यांचा पायलट, म्हणजे अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, बाहेरून सलाईनची बाटली धरून उभा.

मी स्प्रेडर, म्हणजे चेपलेला पत्रा फाकवून उचलणारं मशीन, डॅशबोर्डखाली लावला, पंप चालू केला, पत्रा कुरकुरायला लागला. अजून चार बोटं उचललं असतं तर पाय मोकळा झाला असता. मागून लोक ओरडत होते ओढा ओढा, आणि माझ्याही डोक्यात तेच, ओढायचं, स्ट्रेचर, गाडी, हॉस्पिटल. तेवढ्यात मॅडम आतून जोरात म्हणाल्या, "दादा थांबा! पाय आत्ता सोडू नका. किती वाजता अडकलाय हा?"

किन्नरानं सांगितलं सव्वातीनला. म्हणजे पावणेदोन तास होऊन गेलेले. मॅडम म्हणाल्या सलाईन आत जाऊ दे, मी सांगेन तेव्हाच उचला.

खरं सांगतो, राग आला. वीस वर्षं वर्दीवर जातोय, सहा महिने मुंबईत कालिन्याला फायरचं ट्रेनिंग घेतलेलं, आणि शिकलोय ते एकच की मिनिट वाया घालवायचं नाही. हातात चालू स्प्रेडर, समोर जिवंत माणूस, आणि थांबा? पण त्यांचा आवाज असा होता की मी थांबलो. आमचे साहेबही म्हणाले डॉक्टर सांगतील तसं.

दोन्ही हातांना सुया, दोन बाटल्या एकदम सोडल्या. छातीला ईसीजीच्या पट्ट्या चिकटवल्या, एक इंजेक्शन भरून पायलटच्या हातात दिलं, म्हणाल्या हे कॅल्शियम, मागितलं की लगेच द्यायचं. आणि हे सगळं करता करता, मला वाटतं माझं तोंड बघून, त्यांनी सांगितलं. स्नायू इतका वेळ चेपून राहिला की आतल्या पेशी मरायला लागतात, त्यातलं पोटॅशियम आणि बाकीची घाण तिथंच साठून राहते, दाब आहे तोपर्यंत ती तिथंच अडकलेली असते. आपण एकदम दाब काढला की सगळं रक्तात. पोटॅशियम हृदयाचे ठोके थांबवू शकतं आणि बाकीचं किडनीत जाऊन बसतं. म्हणून आधी पाणी भरायचं, मग सोडायचं. तीही नुसती नॉर्मल सलाईन, ज्या सलाईनमध्ये पोटॅशियम असतं ती नाही.

ते ऐकताना माझ्या हातातला स्प्रेडर जड झाला. मला एकदम विहीर आठवली.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात विहिरीचं काम चालू असताना मुरूम ढासळला आणि एक मजूर कमरेपर्यंत गाडला गेला. आम्ही तीन तास उकरत होतो, मशीन खाली नेता येत नव्हतं, घमेल्यानं, शेवटी हातानं. शेवटचा दगड काढला तेव्हा तो बोलत होता, पाणी मागितलं, वर दोराला बांधून घेतला तेव्हा अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. अॅम्ब्युलन्स लांबून येत होती म्हणून गावातल्याच एका जीपमध्ये घातला, मी सोबत बसलो. दहा मिनिटांत मान टाकली. माझ्या मांडीवर. मी छाती दाबत राहिलो हॉस्पिटलच्या दारापर्यंत, काही उपयोग झाला नाही. वरून एक ओरखडा नव्हता अंगावर. तेव्हा सगळे म्हणाले आत कुठंतरी मार लागला असेल, मीही तेच धरून चाललो. पण त्याच्या बायकोचं तोंड, तो बोलत होता ना, बोलत होता ना, हे तिचं वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

नक्की त्याचमुळं गेला का, ते आता कोण सांगणार. पण त्या दिवशी आमच्यासोबत तिथं कुणी डॉक्टर नव्हता, आणि आमच्यातल्या एकालाही ही गोष्ट माहीत नव्हती. मॅडमनी नंतर सांगितलं की १९४१ पासून हे माहीत आहे, लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून धडधाकट काढलेली माणसं काही दिवसांत किडनी बंद पडून जायला लागली, तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. म्हणजे इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला खंबाटकीत पहाटे साडेपाच वाजावे लागले. मला याचा फार त्रास होतो.

साधारण पाऊण तास गेला असेल. तो माणूस मधे मधे म्हणायचा "सोडवा की ओ", आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचो मामा, औषध चाललंय, मी इथंच आहे. मला दुसरं काही करता येत नव्हतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "दादा, आता. हळू." मी बोटाबोटानं उचलत गेलो, त्यांची नजर सगळा वेळ मॉनिटरवर. पाय मोकळा झाला तेव्हा मॉनिटरवरची रेघ जरा वेडीवाकडी झाली, त्यांनी लगेच इंजेक्शन मागितलं, दिलं, रेघ परत जागेवर आली. मी ती रेघ डोळ्यांनी बघितली. मग पाठीखाली बोर्ड सरकवून सहा जणांनी उचलला आणि १०८ निघाली, पुढं हायवे पोलिसांची गाडी.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका वर्दीवर त्याच मॅडम भेटल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, पाय वाचला, दोन दिवस लघवी कोकाकोलासारखी येत होती, तीन वेळा डायलिसिस करावं लागलं, आता घरी गेलाय.

आमच्या स्टेशनला सकाळी परेडनंतर ड्रिल असते. साहेबांना विचारून त्या मॅडमना एका रविवारी बोलावलं, त्या स्वतःच्या सुट्टीत आल्या, दोन तास बोलल्या, पोरांना छाती दाबायची पद्धतही परत नीट शिकवली, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पोरांनी प्रश्न विचारले, मी विहिरीबद्दल विचारलं. त्या जरा गप्प बसल्या आणि म्हणाल्या, दादा, तुम्ही त्याला बाहेर काढलं होतं.

आता रेस्क्यूच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला मी पांढऱ्या पेंटनं लिहून ठेवलंय. किती वाजता अडकला? डॉक्टर आले? सलाईन चालू? स्प्रेडर काढताना ते वाचल्याशिवाय हात पुढं जात नाही. परवा एक नवीन पोरगा वर्दीवर पोचल्या पोचल्या, मी काही म्हणायच्या आत, गर्दीला ओरडून विचारत होता, किती वाजता अडकला, कुणी बघितलंय का, किती वाजता?