कोस्टा माया: जहाजांसाठी वसवलेले बंदर

मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात, कॅरिबियन समुद्राच्या काठी कोस्टा माया हे बंदर आहे. या नावाचे जुने गाव मात्र तेथे शोधूनही सापडत नाही, कारण हे बंदर केवळ क्रूझ जहाजांसाठी बांधून २००१ मध्ये सुरू करण्यात आले. जहाजातून उतरून लांबलचक धक्क्यावरून चालत गेले, की झावळ्यांच्या छपरांची दुकाने, पोहण्याचा तलाव आणि डॉलरमध्ये लिहिलेल्या किमती समोर येतात. सारे नीटनेटके आहे. पण समुद्रकाठी येऊन तलावात डुंबण्यात काय मौज आहे, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही.

म्हणून मी फाटकाबाहेर पडून टॅक्सीने जवळच्या माहावाल या मूळच्या मच्छीमार गावात गेले. तेथे किनाऱ्यालगत पायवाट आहे आणि समोर, थोड्या अंतरावर, पाण्यावर फेसाची एक पांढरी रेघ सतत उमटत असते. ती प्रवाळभिंतीची खूण आहे. बेलिझ आणि होंडुरासपर्यंत पसरलेल्या मेसोअमेरिकन प्रवाळरांगेचा हा भाग असून लाटा त्याच्यावरच फुटत असल्याने अलीकडचे पाणी इतके शांत राहते, की लहान मुलेही निर्धास्तपणे खेळतात.

ही भिंत रोजच्या लाटा अडवते, चक्रीवादळ नव्हे. २१ ऑगस्ट २००७ रोजी डीन हे पाचव्या श्रेणीचे, म्हणजे सर्वोच्च तीव्रतेचे, चक्रीवादळ माहावालजवळच किनाऱ्यावर धडकले. त्यात धक्क्याची आणि गावाची मोठी हानी झाली आणि २००८ मध्ये बंदर पुन्हा सुरू होईपर्यंत जहाजे येणे थांबले. मासेमारीवर जगणारे गाव एकदा पाहुण्यांवर जगू लागले, की मोडलेला धक्का हे घराघरातले संकट ठरते.

परतीच्या वेळेबाबत सावध राहावे. किंताना रोमध्ये २०१५ पासून वर्षभर एकच प्रमाणवेळ पाळली जाते, त्यामुळे उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या वेळेने चालणाऱ्या जहाजावरचे घड्याळ किनाऱ्यापेक्षा एक तास पुढे असू शकते. मी जेवायला बसले तेव्हा खानावळीच्या मालकीणबाईंनी काय हवे हे विचारण्याआधी माझे जहाज किती वाजता सुटते ते विचारले, आणि उत्तर ऐकून तळलेला मासा आधी माझ्या टेबलावर आणला.