पाच पातेली, एक शॉट

माझ्या पहिल्या शॉर्टफिल्ममधला मुख्य शॉट एकावन्न सेकंदांचा आहे. तो मिळवायला मला पाच घरच्या पाच पितळी पातेल्यांना कल्हई लावून द्यावी लागली. हे सांगितलं की लोक हसतात. त्या दिवशी मला हसू येत नव्हतं.

थोडं मागचं सांगतो. 2018 पासून मी यूट्यूबवर मराठीतून सिनेमावर व्हिडिओ निबंध करत होतो. दिवसा अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीचं काम आणि रात्री इंदिरानगरच्या घरी गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्डिंग. गोधड्यांनी आवाज घुमत नाही. एखाद्या सिनेमातले चार-पाच शॉट शेजारी शेजारी मांडायचे आणि कॅमेरा इथेच का थांबला, हा माणूस दारातच का उभा राहिला, ते समजावून सांगायचं. आवाज बरा होता, शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळालेली, त्यामुळे सांगायला मला आवडायचंच. हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलं की जाहिरातींचे पैसे सुरू होतात. तिथवर पोचायला अडीच वर्षं लागली आणि पहिल्या पैशांतून माइकचा स्टँड आला, बाकी काही नाही.

नाशकात राहून सिनेमावर बोलायचं तर फाळक्यांना टाळता येत नाही. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्म, नाशकातच 1944 साली मृत्यू, मधली बरीच वर्षं त्यांची फिल्म कंपनी इथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे डबा खाल्ला, कारंजी बघितली आणि परत आलो, एवढीच आमची फाळक्यांशी ओळख. पुढे त्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ नीट पाहिला तेव्हा सुरुवातीलाच अडकलो. त्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. पण गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती नुसती स्वतः म्हणून कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. मग तिचा कृष्ण होतो. आधी मुलगी बघा, मग देव बघा, असा मामला. मी त्यावर बारा मिनिटांचा निबंध केला आणि तोच माझा सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ ठरला.

त्याच व्हिडिओवर हरकत आली. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट साठ वर्षांत संपतो, म्हणजे 1919 च्या मूकपटावर आता कुणाचा हक्क असायचं कारण नव्हतं. पण मी ज्या प्रतीतून तुकडे घेतले तिच्यावर कुणीतरी नंतर संगीत चढवलेलं होतं, आणि ते संगीत ज्यांचं त्यांनी दावा लावला. दावा आणि स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याबद्दल चॅनेलवर लागणारा ठपका, यांत फरक आहे, नव्याने हे करणाऱ्यांनी तो समजून घ्यावा. दाव्यात जाहिरातीचे पैसे जातात, चॅनेल राहतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच जातो. मी आक्षेप नोंदवला. उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस असतात आणि समोरच्याने ते जवळजवळ सगळे वापरले.

त्या महिन्यात, संगीत काढून टाकलं तर काय उरतं हे बघायला, मी माझा व्हिडिओ आवाज पूर्ण बंद करून लावला. मंदाकिनी रुसली, हसली, घाबरली. मी तिथे नव्हतोच. आणि माझ्यावाचून काहीही अडत नव्हतं. एकशे चाळीस रात्री कपाटात डोकं घालणाऱ्या माणसाला हे कळणं बरं नसतं.

व्हिडिओ निबंधातून दिग्दर्शनात गेलेल्या मंडळींबद्दल तेव्हाच वाचायला लागलो. त्यांत कोगोनाडा नावाने काम करणारा माणूस मला सगळ्यात जवळचा वाटला. हे त्याचं खरं नाव नाही, जपानी दिग्दर्शक ओझूच्या पटकथा लिहिणाऱ्या कोगो नोदा यांच्या नावावरून घेतलेलं आहे. स्टॅनली कुब्रिकच्या सरळ समोरून घेतलेल्या चौकटींवर त्याने 2012 मध्ये दोनेक मिनिटांचा निबंध केला, त्यात निवेदनाचा एक शब्द नाही. नुसते शॉट एकामागून एक. 2017 मध्ये त्याचा पहिला चित्रपट आला. मी त्याचे निबंध पूर्वीही पाहिले होते आणि मनात म्हटलं होतं, छान आहे, पण समजावून का सांगत नाही हा?

फिल्म करायची ठरवल्यावर पैशांचा प्रश्न आला. फाळक्यांनी भांडवल देणाऱ्यांना पटवायला कुंडीत वाटाणा लावला होता आणि रोप वाढेल तशी ठरावीक वेळाने एकेक फ्रेम टिपून ‘अंकुराची वाढ’ तयार केली होती. आजच्या भाषेत शोरील. माझ्याकडे वाटाणा नव्हता, चौऱ्याऐंशी व्हिडिओ होते. ते घेऊन मुंबईला एका निर्मात्याकडे गेलो. त्यांनी दोन बघितले आणि मनापासून सांगितलं, “तुम्ही बोलता फार छान. पॉडकास्ट करा.” परतीच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये कसाऱ्यापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होतो. शेवटी एक लाख पंच्याऐंशी हजार साठवलेले होते, ते काढले. चार दिवसांचा कॅमेरा, साउंड आणि जेवण एवढ्यात बसवायचं.

विषय मात्र पक्का होता. भांडी बाजाराच्या मागच्या बोळात एक कल्हईवाले चाचा बसतात. लहानपणी आईबरोबर त्यांच्याकडे गेलेलो. आता त्यांच्याकडे आठवड्यातून दोन-तीन गिऱ्हाईकं येतात, बाकी वेळ ते पेपर वाचतात. नट घ्यायचा नाही, चाचांनीच चाचा व्हायचं, असं ठरलं. त्यांनी एकच अट घातली. “कामाच्या मध्ये थांबवायचं नाही. कथील थांबत नाही.”

पावसाळ्याच्या शेवटी शूटिंग धरलं हा माझा मूर्खपणा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि सगळं शहर दुतोंड्या मारुती बघायला घाटावर. गोदावरीच्या पात्रातल्या या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी मोजतात. पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत असलं तर लोक फोटो काढतात, छातीला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात. त्या दिवशी छातीच्या खालीच थांबलं, पण बोळात चिखल झाला आणि आमची तारीख अकरा दिवस पुढे गेली. कॅमेऱ्याच्या भाड्याचा ॲडव्हान्स परत मिळाला नाही.

आता तो शॉट. कल्हई म्हणजे काय ते मी फिल्ममध्ये सांगितलेलं नाही, इथे तरी सांगू दे. पातेलं आतून घासूनपुसून भट्टीवर धरायचं. पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकायची, भसकन पांढरा धूर उठतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशांवर पाघळतं, त्यामुळे साध्या कोळशाच्या भट्टीवर भागतं. मग कापसाच्या बोळ्याने ते आतून गोल गोल फिरवायचं. तपकिरी पितळ तुमच्या डोळ्यांदेखत चांदीसारखं होत जातं. आणि लगेच पाण्यात, चर्र. सगळं मिनिटभरात होतं. मला ते न कापता, एका शॉटमध्ये हवं होतं.

एडिटिंग टेबलावर मी शेकडो वेळा शॉट मागे नेऊन पुन्हा चालवला आहे. इथे पातेलं मागे जात नाही. एकदा कल्हई लागली की लागली, दुसऱ्या टेकला दुसरं कळकट पातेलं पाहिजे. हे मला, सहा वर्षं सिनेमा समजावून सांगणाऱ्या माणसाला, पहिला टेक फुकट गेल्यावर कळलं. फोकस हुकला होता. ते पातेलं आईचं, घरून आणलेलं एकुलतं एक. मग मावसभाऊ, जो माझा असिस्टंट, एडिटर आणि ड्रायव्हर असा तिहेरी होता, बोळातल्या घरोघरी गेला. “काकू, कल्हई फुकट लावून देतो, पातेलं द्या.” आधी कुणाचा विश्वास बसेना.

पातेली मिळाली, पण प्रत्येकावर नाव घातलेलं. काठाखाली कुणाचं तरी नाव, साल, एकावर तर “मुंजीप्रीत्यर्थ” आणि 1962. पहिल्या शॉटमध्ये गिऱ्हाईक बाई आईचं पातेलं ठेवून जाते, आणि आता भट्टीवर दुसऱ्याच घराण्याचं. शेवटी ठरलं की नाव भिंतीकडे फिरवून धरायचं. चाचांना ते पटलं नाही. “नाव समोर ठेवतो आम्ही. नाहीतर भांडं कुणाचं, कसं कळणार?”

दुसऱ्या टेकला नेमका बोळाच्या तोंडाशी मोटारसायकलवाल्याने हॉर्न धरला. चौथ्या टेकला वारा फिरला आणि धूर लेन्सवर आला. तिसरा टेक अप्रतिम होता. उजेड बरोबर, चाचांचा हात बरोबर, धूर हवा तसा वर गेला. कथील पसरायला लागलं आणि हेडफोन लावलेल्या आमच्या साउंडवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी बोललो होतो. “आता बघा” असं, माझ्या व्हिडिओतल्या खास आवाजात, मोठ्याने. मला पत्ताच नव्हता. कथलाच्या सरसर आवाजाबरोबर ते दोन शब्द ट्रॅकवर असे बसले होते की काढता येईनात.

पाचवं पातेलं वाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या आजींचं. त्या स्वतः जिना उतरून आल्या. “सासूबाईंचं आहे. आतून नीट करा आणि नाव बुजवू नका,” म्हणाल्या आणि काम होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मी तोंडात रुमाल धरला. तो टेक ओके झाला.

एवढं होऊनही पहिला कट सव्वीस मिनिटांचा झाला आणि त्यात नऊ मिनिटं माझं निवेदन होतं. मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. मावसभावाने एका रात्री काही न बोलता माझा ट्रॅक बंद केला आणि प्ले दाबलं. ब्लोअरची कुरकुर, कोळशाचा तडतडाट, कापूस घासल्याचा आवाज, जो मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता कारण त्यावर मीच बसलो होतो. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. मग एकेक परिच्छेद काढला. एक मात्र निघेना. कल्हई लागतेच कशाला, बिनकल्हईच्या भांड्यात आंबट कळकतं, हे प्रेक्षकाला कळणार कसं? शेवटी अर्धा दिवस पुन्हा शूट केलं. एक बाई पातेल्यातलं ताक बोटाने चाखते, तोंड वाकडं करते आणि ते मोरीत ओतून देते. नऊ सेकंद. निवेदनाला त्यासाठी मिनिट लागत होतं. फिल्म सतरा मिनिटांवर आली.

एका चित्रपटगृहाच्या मालकांनी मोठ्या सिनेमाआधी दाखवतो म्हणून शब्द दिला, त्यामुळे सेन्सॉरचं प्रमाणपत्र काढायला निघालो. अर्ज ऑनलाइन, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर, तो भाग सोपा. अडचण बिडीची निघाली. एका शॉटमध्ये चाचा बिडी ओढतात. तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्ये प्रत्येकी तीस सेकंदांची आरोग्य सूचना, शिवाय दोन्हीकडे वीस सेकंदांचं निवेदन, आणि बिडी दिसेल तेवढा वेळ खाली पट्टी. सतरा मिनिटांत शंभर सेकंद! आणि सतरा मिनिटांच्या फिल्मचा मध्य कुठे काढायचा? माझं निवेदन मोठ्या कष्टाने घालवलं होतं, आता सरकारचं कोण ऐकणार. बिडी कापली. प्रमाणपत्र ‘यू’ मिळालं. मालकांनी त्यानंतर फोन उचलला नाही.

म्हणून पहिला खेळ आम्ही वाड्याच्या चौकातच लावला, दोन बांबूंना पांढरी चादर बांधून. साठ-सत्तर माणसं जमली. चाचा पुढच्या खुर्चीत, इस्त्रीचा झब्बा घालून. मुख्य शॉट आला तेव्हा सगळे गप्प होते आणि त्या शांततेत चाचा शेजाऱ्याला म्हणाले, “नवसागर जरा जास्त पडलाय.” इतकी वर्षं लोकांच्या शॉटमधल्या चुका मी काढल्या, आता माझ्या चुका काढणारा पुढच्याच खुर्चीत बसला होता.

संपल्यावर लोक चहाकडे वळले. वरच्या मजल्यावरच्या आजी मात्र माझ्याकडे आल्या.

“आमचं पातेलं होतं ना त्यात?”

“हो आजी, तुमचंच. पाचवं.”

“मग सासूबाईंचं नाव कुठे दिसलं?”

मी कंटिन्युइटी म्हणजे काय ते समजावायला लागलो. आधी एक पातेलं असतं, मग त्याच जागी दुसरं येतं, प्रेक्षकाला वाटायला हवं की ते एकच आहे. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

“ते असू दे,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे अजून एक घागर आहे. तिला कल्हई लावायचीय. या वेळी नाव समोर ठेव.”