तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही अटारीच का?

लॅपटॉपवर अख्खा स्टुडिओ मावतो, मग १९८६ सालच्या अटारी १०४० एसटी या कॉम्प्युटरवर नोटेटर हा संगीत रचायचा प्रोग्राम (सीक्वेन्सर) कशाला चालवायचा? हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

जुन्या आठवणींचं कौतुक बाजूला ठेवा. यात मिडी (वाद्यांना नोट्सचे संदेश पाठवायची पद्धत) पोर्ट मदरबोर्डवरच आहे. ६८५० चिप थेट प्रोसेसरशी बोलते, मध्ये यूएसबी नाही, मागे कुठलं अपडेट चालू नाही. ठोका जागचा हलत नाही, असं मी पूर्वी छातीठोक सांगायचो. त्या ‘मी’ला आज विचारेन, आणि वायरचं काय? मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. तीन बाइटची एक नोट म्हणजे जवळजवळ १ मिलिसेकंद. एकाच मात्रेवर दहा नोट्स टाकल्या की शेवटची ९ मिलिसेकंद मागे पडते. अटारी काय करणार? ड्रम ठोक्यावर ठेवून पॅड (लांबवलेले संथ सूर) एक-दोन टिक (सीक्वेन्सरमधलं वेळेचं सर्वांत लहान माप) मागे सरकवावे लागतात.

पण खरा छळ बॉम्बचा. चालत्या गाण्यात मशीन कोसळतं आणि पडद्यावर बॉम्बच्या चित्रांची रांग उमटते. दोन असतील तर बस एरर, तीन असतील तर ॲड्रेस एरर. सेव्ह न केलेलं सगळं रॅममध्येच होतं, ते गेलं. लोक फ्लॉपीला शिव्या घालतात, पण आधी बाकीचं तपासा. वीज बंद करा. डाव्या बाजूच्या कार्ट्रिज पोर्टातला डोंगल (नोटेटर उघडायची किल्ली) काढून त्याचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चालू मशीनमधून डोंगल कधीही ओढू नका. तो जळला की नोटेटर उघडणारच नाही. तरी बॉम्ब आलेच तर झाकण उघडून एमएमयू आणि ग्लू या चौकोनी चिपा सॉकेटमध्ये नीट दाबा. तापून-निवून त्या सैल होतात. (पूर्वी लोक मशीन जरासं उचलून टेबलावर आपटायचे, ते याचसाठी. तुम्ही नका करू.) मग मल्टिमीटरने ५ व्होल्टची लाइन बघा. ४.८च्या खाली असेल तर पॉवर सप्लायमधले वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, हात सांभाळा.

अटारीचा एसएम१२४ हा मोनो (काळा-पांढरा) मॉनिटर मिळत नसेल तर व्हीजीए चालतो, फक्त तो ७१ हर्ट्झ घेणारा हवा आणि १३ पिनी प्लगातली चौथी पिन ग्राउंडला जोडायला हवी. नाहीतर ६४०×४०० मोनो येत नाही आणि नोटेटरला तेच लागतं. एचडी फ्लॉपीच्या भोकावर टेप लावून ती ७२० केबीची करू नका, डेटाचा भरवसा नाही. त्यापेक्षा फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर टाकलेला गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, यूएसबी स्टिक वापरणारा ड्राइव्ह) बसवा, जंपर एस०वर. मिडी केबल साधीच घ्या. अटारीच्या आउटमध्ये १ आणि ३ नंबरच्या पिनवर थ्रू (आत आलेला मिडी तसाच पुढे पाठवणारी लाइन) असतो, पाचही तारा जोडलेली केबल गोंधळ घालते.

हातारी इम्युलेटर (लॅपटॉपवर अटारीची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे की, म्हणाल. आहे, आणि बरा चालतो. पण मग मिडी पुन्हा लॅपटॉपच्या यूएसबीतूनच बाहेर पडणार. ते ऐकू येतं का? पॅडमध्ये नाही. सोळांशाच्या हाय-हॅटमध्ये मला येतं, काहींना येत नाही, आणि तेही खोटं बोलत नसतील. गाणं झालं की मिडी फाइल काढून लॅपटॉपवर ठेवतो मीही.