इंग्रजीच्या तासाचा ब्लॉग: पोस्टपेक्षा कमेंट महत्त्वाची

अकरावी-बारावीच्या इंग्रजीत ब्लॉगलेखन हा एक लेखनप्रकार आहे आणि परीक्षेत मुले तो कागदावर लिहितात. पट्टी-पेन्सिलने चौकट आखायची, वर होम, अबाउट, कॉन्टॅक्ट अशी बटणे काढायची आणि आत नेहमीचा निबंध उतरवायचा. शाळांचे खरेखुरे ब्लॉगही बरेचदा याच वळणाचे असतात. शिक्षकांनी तपासून, सुधारून, स्वतःच टाइप करून चढवलेले निबंध आणि खाली शून्य कमेंट. एवढ्यासाठी इंटरनेट कशाला, वही आहेच की! ब्लॉगमुळे वर्गाला नवीन मिळते ते शिक्षक सोडून दुसरा वाचक आणि त्या वाचकाचा प्रश्न. तो मिळणार नसेल तर हा खटाटोप न केलेला बरा.

मराठी माध्यमाचा आठवी-नववीचा ६० मुलांचा वर्ग धरू. सहा-सहांचे दहा गट करावेत. एका आठवड्यात पाच गटांनी प्रत्येकी एक पोस्ट लिहायची, उरलेल्या ३० मुलांनी कमेंट करायची. पुढच्या आठवड्यात उलट. कोणी कुठे लिहायचे ते आधीच वाटून द्यावे, म्हणजे प्रत्येक पोस्टला सहा कमेंट मिळतात. नाहीतर वर्गातल्या लाडक्या मुलाच्या पोस्टवर गर्दी होते आणि बाकीच्या ओस पडतात. पोस्ट ८० ते १०० शब्दांची पुरे. टायपिंगला नवख्या मुलाला तेवढ्या शब्दांना वीसेक मिनिटे सहज लागतात, म्हणून पहिला तास वहीत कच्च्या लेखनाचा आणि दुसरा टाइप करण्याचा ठेवावा. संगणक कक्षातली निम्मी यंत्रे बंद असली तरी गटाला एक मिळाले की काम भागते. घरच्या फोनवर भिस्त ठेवू नये; तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो.

कमेंटला नियम हवा. पहिल्या वाक्यात पोस्टमधली एखादी नेमकी गोष्ट यायला हवी, दुसरे वाक्य प्रश्न असायला हवे. 'नाइस', 'गुड पोस्ट', 'कीप इट अप' मंजूर करायचे नाही. प्रश्नाचा आग्रह उगाच नाही. मराठीत 'तुझी आजी भाजी विकते' या वाक्यात 'का' घातला की प्रश्न तयार. क्रियापद जागचे हलत नाही, मदतीला दुसरे कोणी येत नाही. त्यामुळे मुले इंग्रजीतही 'व्हाय युवर ग्रँडमदर सेल्स व्हेजिटेबल्स?' असेच लिहितात. 'डू-डज-डिड'चे तक्ते पाठ करूनही हे सुटत नाही, कारण वर्गात प्रश्न विचारतात ते शिक्षक आणि मुले फक्त उत्तरे देतात. इथे आठवड्याला ३० प्रश्न मुलांच्या हातून जातात आणि पोस्ट लिहिणाऱ्या गटाला त्यातल्या किमान दोघांना उत्तर द्यावे लागते. हे उत्तर बहुधा भूतकाळात असते, तोही सराव होतो.

प्रश्न सुचायचे तर पोस्टमध्ये दुसऱ्याला ठाऊक नसलेले काही असले पाहिजे. 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल' या विषयावर कोणीच काही विचारत नाही, सगळ्यांची दिवाळी सारखीच. त्यापेक्षा आठवडी बाजारातल्या पाच भाज्यांचे भाव आणि ते कोणी सांगितले, घरातल्या पुरणपोळीचे प्रमाण, सायकलचे पंक्चर कसे काढतात, असले विषय द्यावेत. पंक्चरच्या पोस्टखाली 'ट्यूब पाण्यात का बुडवली?' हा प्रश्न येतोच.

आता ब्लॉगरच्या, म्हणजे ब्लॉग चालवण्याच्या गूगलच्या सेवेच्या, सेटिंग्ज. ब्लॉग शिक्षकांच्या खासगी जीमेलवरून नव्हे, वर्गासाठी काढलेल्या वेगळ्या गूगल खात्यावरून सुरू करावा. बदली झाली तर खाते पुढच्या शिक्षकांकडे देता येते. ब्लॉग ठरावीक वाचकांपुरता खासगी ठेवता येतो, पण मग प्रत्येक वाचकाला निमंत्रण पाठवावे लागते आणि त्याला गूगल खात्यातून आत यावे लागते. भारतात १३ वर्षांखालच्या मुलाला असे खाते स्वतःचे स्वतः काढता येत नाही, आणि पालकही लॉगिनच्या पायरीवर थांबतात. मधला मार्ग असा: ब्लॉग खुला ठेवावा, पण सर्च इंजिनांना दिसण्याचा पर्याय बंद करावा. कमेंट कोणीही करू शकेल असे ठेवून मॉडरेशन 'नेहमी' करावे, म्हणजे शिक्षकांनी पाहिल्याशिवाय काही प्रसिद्ध होत नाही. अशा कमेंटवर बहुधा 'अनामिक' एवढेच उमटते, म्हणून शेवटी आपले नाव टाकायची सवय लावावी. फक्त पहिले नाव किंवा टोपणनाव. आडनाव, चेहऱ्याचा फोटो, गणवेशावरचे बोधचिन्ह, गावाचे नाव, काही नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळेच बालक ठरतात आणि पालकांच्या संमतीला महत्त्व आहे. पालकसभेत एका पानाचे संमतिपत्र मराठीतून भरून घ्यावे. इंग्रजी छापील नमुन्यावर सही मिळते, पण ती कशावर केली हे पालकांना कळलेले नसते.

टाइप करताना नेहमी अडते ते दोन ठिकाणी. वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून मजकूर उचलून चिकटवला की त्याच्यासोबत फाँट, रंग, पांढरी पार्श्वभूमी असे सगळे लटांबर येते आणि पान विस्कटते. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरले की फक्त अक्षरे येतात. दुसरी अडचण ऑटोकरेक्टची. तो मुलांची आणि पदार्थांची नावे बदलून टाकतो आणि मुलांना वाटते की यंत्र म्हणते तेच बरोबर. टाइप करून होईपर्यंत तो आणि शुद्धलेखन तपासणी दोन्ही बंद ठेवावीत, शेवटच्या वाचनाला तपासणी चालू करावी. लाल रेघेखालचा शब्द चूक आहे की ते पदार्थाचे नाव आहे, हे मुलाने ठरवायचे.

शिक्षकांनी सगळ्या चुका दुरुस्त करू नयेत. त्या आठवड्यात दोनच प्रकार धरावेत. उदाहरणार्थ 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' आणि 'इन माय व्हिलेज वन टेंपल इज'. बाकी चुका पोस्टमध्ये राहू द्याव्यात. पाहुणे किंवा अधिकारी येणार म्हणून मुख्याध्यापकांना त्या खुपतात, पण सुधारून गुळगुळीत झालेली पोस्ट मुलाची राहत नाही.

भाषांतर यंत्राचे आणि एआयचे काय? लेखन गूगल डॉक्समध्ये करून घेतले तर व्हर्जन हिस्टरीत ते कसे वाढत गेले ते दिसते. अख्खा परिच्छेद एका दमात उगवला तर तो बाहेरून आला आहे; मात्र मुलाने दुसरीकडे टाइप करून आणला असेल, हेही विचारून घ्यावे. एआय ओळखणाऱ्या साधनांवर मुळीच विसंबू नये. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांचे निबंध या साधनांनी मोठ्या प्रमाणात यंत्राचे ठरवले होते, हे २०२३ मध्ये दिसून आले आहे. त्यापेक्षा सरळ मुभा द्यावी: पाच शब्द शोधा आणि ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

उच्चारासाठी डॉक्सचेच व्हॉइस टायपिंग कामी येते. क्रोममध्ये, भाषा 'इंग्लिश (इंडिया)' निवडून, आपली पोस्ट मोठ्याने वाचायची आणि काय उमटते ते पाहायचे. पण यंत्र पुढच्या-मागच्या शब्दांवरून अंदाज बांधते, त्यामुळे पूर्ण वाक्य बरोबर उमटले म्हणून उच्चार बरोबर होता असे नाही. 'वेस्ट-व्हेस्ट', 'स्नॅक्स-स्नेक्स', 'पेन-पेइन' अशा जोड्या सुट्या म्हणायला लावाव्यात. वर्गाच्या गोंगाटात हे जमत नाही, व्हरांड्यात एकेका गटाला न्यावे लागते.

वर्ष संपताना ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून सगळ्या मजकुराचा बॅकअप उतरवून घ्यावा. ज्या पालकांना आपल्या मुलाची पोस्ट काढून हवी असेल ती तेव्हाच काढावी. उरलेल्या पोस्ट जूनमध्ये नव्या आठवीला पहिल्या कमेंटच्या सरावासाठी उपयोगी पडतात.