बोलोन्या ते पिआचेंझा: सारणाच्या पास्त्यामागे सहा दिवस

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई आणि मी इटलीच्या एमिलिया-रोमान्या भागात सहा दिवस फिरलो, ते सारण भरलेला पास्ता खायला. आई पुण्याहून माझ्याकडे म्युनिकला आली होती. ती अंडं खाते, मांस-मासे खात नाही. मी सगळं खाते. म्युनिकहून बोलोन्याला थेट रेल्वे आहे, सातेक तासांचा प्रवास, आणि त्यातला आल्प्सचा भाग खिडकीतून बघण्यातच जातो. आईसोबत विमानतळाच्या रांगा टाळायच्या होत्या, म्हणून रेल्वेच घेतली.

आपल्याकडे हॉटेलात 'रॅव्हिओली' म्हटलं की चौकोनी उशी आणि आत पालक-पनीर एवढंच चित्र असतं. या भागात गावागणिक नाव बदलतं, आकार बदलतो, सारण बदलतं. कधी नाव तेच राहतं आणि आतला ऐवज निराळा निघतो. नावांची एक किल्ली हाती आली की मेन्यू वाचणं सोपं जातं. 'तोर्ता'चं धाकटं रूप 'तोर्तेल्लो', त्याहून धाकटं 'तोर्तेल्लिनो'. शेवटी 'ईनी' आलं की लहान, 'ओनी' आलं की मोठं. 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी, म्हणून 'काप्पेल्लेत्ती' छोट्या टोप्या आणि 'काप्पेल्लाच्ची' मोठ्या ढगळ टोप्या. लहान ते बहुधा मांसाचं आणि रस्स्यात, मोठं ते बहुधा चीज-भाजीचं आणि लोण्यात. अपवाद आहेत, तरी शाकाहारी माणसानं सुरुवात 'ओनी'पासून करावी.

मुक्काम सहाही दिवस बोलोन्यालाच ठेवला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, स्वयंपाकघर असलेल्या छोट्या घरात. इ.स.पू. 187 मध्ये मार्कस एमिलियस लेपिडसनं रिमिनीपासून पिआचेंझापर्यंत सरळ रस्ता बांधला. त्याच्याच नावावरून या भागाला एमिलिया म्हणतात. बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा, पिआचेंझा ही गावं त्या रस्त्यावर मण्यांसारखी ओवलेली आहेत आणि रेल्वेही त्याला धरूनच जाते. त्यामुळे सामान न हलवता रोज एक गाव करता येतं. 'रेजोनाले' म्हणजे प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही आणि तिकीट आधी काढा की ऐनवेळी, भाडं तेवढंच. कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं, आणि फोनवर काढलेल्या तिकिटाचं चेक-इन करायचं. विसरलात तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

पहिल्याच सकाळी बोलोन्यात तीन तासांचा पास्ता शिकवणारा वर्ग लावला होता. तुम्हीही वर्ग पहिल्याच दिवशी घ्या, शेवटी नको. एकदा हातानं करून पाहिलं की पुढच्या प्रत्येक ताटलीत काय बघायचं ते कळतं. शिकवणारी बाई साठीच्या पुढची होती. हातानं लाटणाऱ्या अशा बायकांना तिथे 'स्फोलीना' म्हणतात, आणि लाटलेल्या पातळ पोळीला 'स्फोल्या'. प्रमाण पाठ करून ठेवण्यासारखं सोपं आहे: 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. पाणी नाही. गोळा चांगला मळून अर्धा तास झाकून ठेवायचा. लाटणं आपल्या लाटण्यापेक्षा कितीतरी लांब, मुठी नसलेलं, 'मात्तारेल्लो'. पोळी मोठी झाली की ती लाटण्यावर गुंडाळून, तळव्यांनी पुढे ढकलत पातळ करतात. बाईंनी ती उचलून खिडकीसमोर धरली आणि टेकडीच्या दिशेनं हात केला. शहराबाहेरच्या टेकडीवर सान लूकाचं देऊळ आहे, आणि स्फोल्यातून पलीकडे सान लूका दिसायला हवं अशी तिथली म्हण आहे. आईला भाषांतर सांगायच्या आतच तिनं मान हलवली. तिच्या मापानं पारी पास झाली होती.

मग भराभर तुकडे कापून सारण ठेवणं आणि मिटणं. इथे आईचा हात एकदम सुटला. तुकडे कापल्याबरोबर तिनं उरलेल्यांवर फडकं ओढलं, कारण पारी वाळली की कड चिकटत नाही, हे तिला दिवाळीनं शिकवलं आहे. तोर्तेल्लीनीची घडी अशी: छोट्या चौकोनात वाटाण्याएवढं सारण, तिरकी घडी घालून त्रिकोण, तो बोटाभोवती वळवून दोन टोकं चिमटीत दाबायची. मला अकरावा-बारावा बरा जमला. आईनं मांसाचं सारण बाजूला ठेवून रिकोत्ता चीजचं घेतलं, सात-आठ तोर्तेल्लोनी केल्या, आणि मग एक पारी अर्धी दुमडून तिच्या कडेला मुरड घातली. करंजीची मुरड, अंगठ्यानं कड आत दुमडत पुढे जायची ती. कातण घरात असूनही ती कायम हातानंच घालते. बाई थांबल्या. जवळ येऊन बघितलं, आईच्या हातून ती करंजी घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पिआचेंझा!" मग एक नवा तुकडा घेऊन दोन्ही बाजूंनी घड्या आळीपाळीनं मधे आणत वेणी घालून दाखवली, शेवटी एक टोक शेपटीसारखं ठेवून. पिआचेंझा आमच्या यादीत नव्हतं. त्या क्षणी आलं.

बोलोन्याच्या तोर्तेल्लीनीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथल्या लोकांना त्याची फार आस्था आहे. 7 डिसेंबर 1974 रोजी त्यांच्या सारणाची कृती शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली गेली: डुकराच्या कमरेचं मांस, प्रोश्युत्तो, मोर्तादेल्ला, पार्मिजानो चीज, अंडं आणि जायफळ. म्हणजे डुकराचं मांस तीन रूपांत. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तोर्तेल्लीनी सोडूनच द्याव्यात, त्यात फेरफार होत नाही. खायच्या त्या 'इन ब्रोदो', म्हणजे कोंबडा आणि गोमांसाच्या निवळ रस्स्यात. क्रीममध्येही मिळतात, पण क्रीमनं जायफळाचा वास झाकला जातो आणि इवल्याशा घडीची मजा जाते. मी एकदाच खाल्ल्या. चमच्यात चार-पाच मावत होत्या, आणि रस्सा इतका स्वच्छ की वाडग्याचा तळ दिसत होता. सहा दिवसांतलं माझं सर्वांत आवडतं जेवण ते. आईनं शेजारी लोणी आणि सेजची पानं घातलेल्या तोर्तेल्लोनी खाल्ल्या.

मोदेना आणि बोलोन्या दोघंही तोर्तेल्लीनी आपलीच म्हणतात. मधल्या कास्तेल्फ्रांको एमिलियात एक कथा सांगतात की खाणावळवाल्यानं दाराच्या कुलपाच्या भोकातून व्हीनस देवीची बेंबी पाहिली आणि तसा आकार केला. मोदेनाला आम्ही अर्धाच दिवस दिला, तोही मुख्यतः आल्बिनेल्लीच्या मंडईसाठी. 1931 ची छपराखालची मंडई, भाज्या सुरेख, दुपारनंतर सामसूम होते. सकाळीच जा.

फेर्रारा आणि मांतोवा ही दोन गावं मात्र जोडीनं करावीत, कारण दोघांकडे लाल भोपळ्याचं सारण आहे आणि चव अगदी वेगळी. फेर्राराच्या काप्पेल्लाच्चीत भोपळा, पार्मिजानो, जायफळ, बस. भोपळा 'व्हिओलीना' जातीचा, व्हायोलिनसारखा मधे चिंचोळा. 1584 मध्ये, एस्ते घराण्याच्या दरबारी मेजवान्यांच्या काळात, हा पदार्थ इथे लिहून ठेवला गेला आहे. पहिल्या घासाला आई म्हणाली, "घारग्याचं सारण." गूळ नसूनही तो गोडवा तसाच आहे, भाजलेल्या भोपळ्याचा.

इथे एक चूक झाली ती सांगते. मी नुसतं काप्पेल्लाच्ची मागितल्या आणि आईची ताटली मांसाच्या 'रागू'सकट आली. फेर्रारात ती रीत लोण्याइतकीच रूढ आहे, त्यामुळे खाणावळीचा दोष नव्हता, पण दुसरी ताटली येईपर्यंत आईला पावावर भागवावं लागलं. भोपळा म्हणजे शाकाहारी असं धरू नका. "बुर्रो ए साल्विया" (लोणी आणि सेज) आणि "सेन्त्सा कार्ने" (मांसाशिवाय) ही दोन वाक्यं प्रत्येक वेळी म्हणा. रागूत बहुतेक वेळा गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही असतं.

मांतोवाच्या तोर्तेल्लीत त्याच भोपळ्यात आमारेत्ती म्हणजे कडवट बदामी बिस्किटांचा चुरा आणि मोस्तार्दा पडतो. मोस्तार्दा म्हणजे साखरेच्या पाकातली फळं, मोहरीच्या झणक्याची. आपल्याकडे लोणच्यात फेसलेली मोहरी घालतात तेव्हा नाकात जी झिणझिणी येते, तीच, पण गोड घासाच्या मागून. आईला हे फेर्रारापेक्षा आवडलं, मला फेर्राराचं. नाताळच्या आदल्या रात्री मांस वर्ज्य असतं म्हणून मांतोवात घरोघर या तोर्तेल्ली होतात. बोलोन्याहून मोदेनाला गाडी बदलून जावं लागतं. जोडगाडी चुकल्यानं आम्ही सव्वादोनला पोहोचलो, आणि दोन ठिकाणी स्वयंपाकघर बंद झालेलं होतं. तिसरीकडे बसवलं. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन-अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात काही मिळेल या भरवशावर राहू नका. बऱ्याच खाणावळी आठवड्यातून एक दिवस बंद असतात, आदल्या दिवशी फोन करून जागा ठेवली की दोन्ही प्रश्न सुटतात.

पार्मात 'तोर्तेल्ली देर्बेत्ता' खायच्या: लांबट चौकोन, आत रिकोत्ता आणि बिटाच्या कुळातली पालेभाजी. लोण्यात बुडवलेल्या आणि चीजमध्ये वाळवलेल्या असाव्यात, असं तिथे म्हणतात, आणि ताटली खरोखर तशीच येते. 23 जूनच्या रात्री, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, लोक उघड्यावर टेबलं मांडून दव पडेपर्यंत या खातात. पार्माच्याच आनोलीनी नाताळात रस्स्यातून वाढतात. त्यांच्या सारणात गोमांस तासन् तास शिजवून काढलेला रस असतो, त्यामुळे आकार छोटा आणि निरागस वाटला तरी आधी विचारा.

पार्मातच मला आईला एक गोष्ट सांगावी लागली, जी मी निघण्याआधी सांगायला हवी होती. पार्मिजानो रेज्जानो बनवताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. नियमानंच तसं आहे, शाकाहारी रेनेटचं चीज त्या नावानं विकता येत नाही. या भागातल्या जवळजवळ प्रत्येक सारणात ते आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे "चीज घालू नका" म्हणून काम भागत नाही. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, इतके दिवस खाल्लं ते न कळता, आता कळून खाते, पण घरी गेल्यावर नाही. हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. कडक शाकाहारी मंडळींना घेऊन जात असाल तर तो घरी बसून करा, टेबलावर नको. अंडं न खाणाऱ्यांसाठी तर ही सहलच नाही, स्फोल्यात ते असतंच. त्यांनी सार्डिनियाकडे बघावं: तिथल्या 'कुलुर्जोनेस'ची पारी रव्याच्या पिठाची असते, आत बटाटा, मेंढीच्या दुधाचं चीज आणि पुदिना, आणि तोंड गव्हाच्या ओंबीसारखं विणलेलं. रेनेटचा प्रश्न तिथेही विचारावा लागेल.

खर्चाचं थोडक्यात. पास्त्याची ताटली आम्हाला बहुतेक ठिकाणी 12 ते 16 युरोला पडली. शिवाय माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लागतो, ते बसण्याचं आणि पावाचं शुल्क आहे, फसवणूक नाही. दोघं असाल तर "बिस" किंवा "त्रिस दी प्रीमी" मिळतं का विचारा, एकाच ताटलीत दोन-तीन प्रकार थोडे थोडे येतात. आणि मुक्कामी चूल असेल तर ताज्या पास्त्याच्या दुकानातून कच्च्या तोर्तेल्लोनी आणा. तिथे 'एत्तो'च्या, म्हणजे 100 ग्रॅमच्या हिशेबात बोलतात. माणशी दीड एत्तो पुरतं. मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगल्यावर मिनिटभरात झाऱ्यानं काढा, चाळणीत ओतू नका, फुटतात. दोन रात्री आम्ही हेच केलं.

शेवटच्या दिवशी पिआचेंझा. बोलोन्याहून रेजोनालेनं पावणेदोन तास, एका दिवसात सहज जाऊन येता येतं. 'तोर्तेल्ली कोन ला कोदा', शेपटीवाल्या तोर्तेल्ली. आत रिकोत्ता आणि पालक, वर लोणी आणि सेज. दुपारी एकला आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. ताटलीत वीसेक होत्या, प्रत्येकीला वेणी, आणि कुठल्याच दोन अगदी सारख्या नाहीत, म्हणजे हातानं केलेल्या. आईनं त्या आधी उलट्यापालट्या करून पाहिल्या. तिच्या मुरडीत कड एकाच बाजूनं आत जाते, यांच्यात दोन्ही बाजूंनी येते, एवढा फरक तिनं मला काट्याच्या टोकानं दाखवला. मग एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पारीतून पालकाचा हिरवा रंग दिसत होता.

"यंदा दिवाळीत अशी घालून बघते," म्हणाली, "पण तळताना सुटेल का गं?"