हूडचं ठिगळ: दोनदा निघालं, तिसऱ्यांदा टिकलं

जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपचं हूड, म्हणजे वरचं कापडी छत, मागच्या कमानीच्या (हूड पेलणाऱ्या वाकवलेल्या पाइपाच्या) डाव्या वळणावर फाटलं. चीर जेमतेम ११ सेंटिमीटरची, पण ती बुजवण्यात मार्च ते मे गेला, आणि त्यातला बराचसा वेळ चुकीच्या दुरुस्तीत गेला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. हूडचं काम असेल तर फेब्रुवारीतच काढा. पावसाळा तोंडावर आला की प्रत्येक कुशनवाल्याकडे गर्दी होते आणि मग कुणालाही नीट काम करायला फुरसत नसते.

आपण ज्याला सरसकट रेक्झीन म्हणतो ते दोन थरांचं असतं. आत पॉलिएस्टरचं विणलेलं कापड आणि वर पीव्हीसीचा थर. ताण आतलं कापड पेलतं, पाणी वरचा थर अडवतो. आतल्या बाजूनं बोट फिरवून पाहा. धागे शाबूत असतील आणि फक्त वरचा थर तडकला असेल तर सुई लावूच नका, चिकटवून भागतं. धागे तुटले असतील तर आतून ठिगळ हवंच.

माझ्या चिरेचे धागे तुटले होते. पहिल्या कुशनवाल्यानं नऊ दिवस 'उद्या या' म्हणत हूड ठेवून घेतलं आणि वरून चौकोनी ठिगळ लावून चारही बाजूंनी मशीन मारली. दिसायला अगदी सफाईदार. पंधरा दिवसांत वरच्या शिलाईच्या रेघेवरच हूड नव्यानं फाटलं, या वेळी १४ सेंटिमीटर आणि पट्टीनं आखल्यासारखं सरळ.

टाके उसवून पाहिले तेव्हा कारण दिसलं. टाका २ मिलिमीटरचा होता. पावतीपुस्तकातली पावती सहज फाटावी म्हणून छिद्रांची ओळ पाडतात, तशीच ओळ ताण येणाऱ्या जागी पाडली होती. सुई चामडं शिवायची वापरली होती. तिचं टोक धारदार असतं, ते धागे बाजूला सारत नाही, कापतं. छिद्रं भिंगातून पाहिली तर गोल नव्हती, बारीक चिरा होत्या. आणि दोरा सुती. सुती दोरा पाण्यानं कुजतो. हूडला बाँडेड पॉलिएस्टर दोरा, गोल टोकाची सुई आणि ४ ते ५ मिलिमीटरचा टाका, हे तिन्ही काम देतानाच सांगा आणि मशीनवर बसण्याआधी रद्दी तुकड्यावर टाका घालून दाखवायला लावा. ठिगळाचे कोपरेही चौकोनी ठेवू देऊ नका. कोपरा सगळ्यात आधी सुटतो.

दुसऱ्यांदा त्याच दुकानात शिलाई नको, चिकटवून द्या म्हटलं. सोफ्याचा फोम चिकटवायचं पिवळट सोल्यूशन लावलं गेलं. सकाळी घट्ट बसलेलं ठिगळ एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीवर कडेनं उचललं गेलं. ओढल्यावर सोल्यूशनच्या गुळाच्या पाकासारख्या तारा निघाल्या. 'परत लावून देतो' एवढंच उत्तर मिळालं. परत लावून काहीच होणार नव्हतं. रेक्झीन मऊ राहावं म्हणून पीव्हीसीत प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि त्या पिवळ्या सोल्यूशनला विरघळवल्यासारखं मऊ करतं, उष्णतेनं अजूनच लवकर. चपलांचे पीव्हीसी सोल चिकटवायला जे पीयू (पॉलियुरेथेन) सोल्यूशन वापरतात ते मात्र प्लास्टिसायझरला दाद देत नाही. पादत्राणांचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं.

सगळ्यात जास्त राग याचा की दोन्ही वेळा कुणी कमान तपासलीच नाही. हूड तिथेच का फाटलं? जुना नायलॉनचा मोजा हातात घालून पाइपावरून फिरवला, तो वळणावर अडकला. वेल्डिंगचा तांदळाएवढा कण होता. गाडी पळताना कापड त्यावर घासत होतं आणि कुठलंही ठिगळ लावलं तरी घासतच राहिलं असतं. कानशीनं तो काढला, १२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारला, प्रायमर-रंग दिला आणि वर जुन्या सीटबेल्टची पट्टी गुंडाळली. सायकलची ट्यूब गुंडाळू नका, रबराचे काळे डाग रेक्झीनवर कायमचे उतरतात.

नंतर ठिगळ स्वतः लावलं. हूड उतरवून सपाट फळीवर पालथं पसरलं. चिरेच्या कडा एकमेकींना भिडवून बाहेरून टेपनं धरल्या. एकावर एक चढवल्या तर हूड तेवढं आखूड होतं आणि बटणं पोचत नाहीत. आतलं ठिगळ चिरेपेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठं, कोपरे दहा रुपयांच्या नाण्यानं आखून गोल. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. थिनर किंवा पेट्रोल नको, वरचा थर खराब होतो. पूर्वी कधी चमकवायचं सिलिकॉनवालं पॉलिश मारलं असेल तर दोन-तीनदा नव्या फडक्यानं पुसा, त्यावर काहीच चिकटत नाही. २२० नंबरच्या पेपरनं हलकं खरवडून दोन्ही बाजूंना सोल्यूशनचा पातळ हात, दहा मिनिटांनी दुसरा. बोट लावल्यावर तार निघत नाही इतकं सुकू दिलं, हेअर ड्रायरनं गरम केलं आणि मधून कडेकडे लाटण्यानं दाबत नेलं. चोवीस तास वजनाखाली. टेप काढून बाहेरून २.५ सेंटिमीटर कडा राहील असं लहान ठिगळ त्याच पद्धतीनं. दोन्ही ठिगळांच्या कडा एकाच रेघेत येऊ देऊ नका, तिथे कापड दुमडतं आणि पुन्हा चिरतं. कडेला सीम सीलरची, म्हणजे सांध्यातून पाणी शिरू न देणाऱ्या लेपाची, बारीक धार.

ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे गरम हवेच्या गननं पीव्हीसी वितळवून जोडतात. चीर फुटाहून लांब असेल तर तेच बरं, फक्त आधी तुकड्यावर करून घ्या. जास्त तापलं तर आतलं पॉलिएस्टर आखडतं आणि धूर विषारी असतो, उघड्यावर करू द्या.

राहिलेल्या गोष्टी. हूड ढिलं असेल तर ४०-५०च्या वेगालाच फडफडतं, आणि फडफड हेही फाटण्याचं मोठं कारण. पट्टे प्रत्येक महिन्यात ताणून घ्या. थंडीत कापड आखडतं, बटणं जबरदस्तीनं ओढू नका. अर्धा तास उन्हात पसरा, सहज पोचतात. बटण काढताना कापड धरून खेचलं की बटणाभोवती भोक मोठं होतं. बटणाच्या कडेशीच बोट घाला आणि आतून चामड्याची चकती लावून घ्या. ओलं हूड कधीही गुंडाळून ठेवू नका, बुरशी टाक्यांपासून सुरू होते. पारदर्शक खिडक्या घडी घालायच्या नसतात, मधे मऊ टॉवेल ठेवून गुंडाळायच्या. त्या पुसताना आधी भरपूर पाणी ओता, धूळ वाहू द्या, मगच सुती फडकं लावा. कोरडी धूळ पुसली की ओरखडे राहतात आणि तडा तिथूनच जातो. काच साफ करायचा अमोनियावाला फवाराही नको. चेनला मेणबत्ती घासा, अडकलेली चेन ओढताना शेजारचं कापड फाटतं.

मांजराला उन्हात तापलेलं हूड फार आवडतं, तिच्या नखांची भोकं आत बसल्यावर उजेडाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. तेवढ्यासाठी आतल्या बाजूनं पीयूचा एक ठिपका आणि रुपयाएवढं ठिगळ पुरतं, ती भोकं मोठी व्हायच्या आत.