तुम्ही विचारलंत म्हणून: काबूलचा एल्फिन्स्टन कोणता?

मी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलो हे कळले की इतिहासाची गोडी असलेला कोणीतरी हमखास विचारतो, "काबूलला अख्खी फौज गमावणारा जनरल तो हाच का?" हा तो नव्हे, तो आमच्या एल्फिन्स्टनचा सख्खा चुलतभाऊ.

एल्फिन्स्टन हे मुळात एडिंबरोच्या पूर्वेकडील एका लहानशा स्कॉटिश गावाचे नाव. आपल्याकडे संगमनेरचे संगमनेरकर झाले, तसेच तिथल्या जमीनदार घराण्याचे झाले. त्यांना 'कर' लावावा लागला नाही, इतकेच. पेशवाईतल्या लोकांनी ज्याला 'अल्पिष्टन' केले तो आमचा माउंटस्टुअर्ट, पुण्याच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर. (प्रभादेवी स्थानकाचे जुने नाव मात्र त्याच्या पुतण्याचे, तोही गव्हर्नरच.)

जनरल विल्यम एल्फिन्स्टन वॉटर्लूच्या लढाईत ३३व्या पलटणीचा प्रमुख होता. पण १८४१ मध्ये, पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात, काबूलमधल्या इंग्रज फौजेची सूत्रे त्याच्या हाती दिली गेली तेव्हा तो साठीला टेकलेला आणि गाऊटच्या सांधेदुखीने इतका जर्जर झालेला होता, की अशा माणसाला तिथे पाठवणाऱ्यांचा दोष मला त्याच्या दोषाहून मोठा वाटतो. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बुणगे (फौजेबरोबरचे बिनलढाऊ लोक) काबूल सोडून बर्फातून जलालाबादच्या इंग्रज ठाण्याकडे निघाले. पानिपत वाचलेल्या मराठी माणसाला बुणग्यांचे ओझे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १३ तारखेला जलालाबादच्या तटावरच्या पहारेकऱ्यांना थकलेल्या घोड्यावर कसाबसा तोल सावरत येणारा एकच जखमी स्वार दिसला. तो डॉक्टर ब्रायडन. जनरल तोवर अफगाणांचा म्होरक्या अकबर खान याच्या हाती ओलीस पडला होता आणि एप्रिलमध्ये कैदेतच वारला.

या युद्धात इंग्रजांनी ज्या शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवले होते, त्याला माउंटस्टुअर्ट १८०९ मध्येच पेशावरला कंपनीचा वकील म्हणून भेटला होता आणि अफगाणांवर त्याने मोठा ग्रंथही लिहिला होता. युद्धाआधी त्याने कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स याला पत्रातून कळवले होते, की काबूल घेता येईल, शुजाला गादीवरही बसवता येईल. पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवून धरण्याची आशा आपल्याला दिसत नाही. हे पत्र गेल्यावर तीनच वर्षांत काबूलची सूत्रे घ्यायला त्याचाच चुलतभाऊ निघाला.